एक तार, आठ मानके: औद्योगिक स्वयंचलनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची पार्श्वभूमी

प्रक्रिया उद्योगातील दाब, तापमान किंवा प्रवाह मोजणारे उपकरण एका कंपनीचे, नियंत्रक दुसरीचा आणि व्हॉल्व्ह तिसरीचा असला, तरी ते तिन्ही एकमेकांना जोडता येतात, हे आज गृहीत धरले जाते. सुरुवातीला तसे नव्हते. जोडणीचा हा प्रश्न पहिल्यांदा सुटला तो हवेच्या नळीत. विद्युत सिग्नल येण्यापूर्वी मोजमाप वायुदाबाने पाठवले जात असे आणि त्यासाठी प्रति चौरस इंच ३ ते १५ पौंड ही श्रेणी रूढ झाली. सिग्नल शून्यापासून सुरू न करता ३ पासून सुरू करण्यात शहाणपण होते. नळी फुटली की दाब शून्यावर येतो, आणि मोजमापाचा शून्य व यंत्रणेतील बिघाड यांतील फरक लगेच कळतो.

विद्युत सिग्नलांचे युग आले तेव्हा हीच युक्ती तारेत उतरली. काही काळ १० ते ५० मिलिअँपिअरची श्रेणीही वापरात होती, पण अखेर ४ ते २० मिलिअँपिअरची श्रेणी टिकली. ३ ला १५, १० ला ५० आणि ४ ला २० ही तिन्ही गुणोत्तरे एकास पाच अशीच आहेत. वायुदाबाच्या काळातील प्रमाण विद्युतप्रवाहाने तसेच पुढे नेले. किमान प्रवाह ४ मिलिअँपिअर असल्यामुळे ट्रान्समीटरला, म्हणजे मोजमाप सिग्नलच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणाला, त्याच दोन तारांतून वीजही मिळू लागली, तर २५० ओहमच्या रोधातून तो प्रवाह नेला की १ ते ५ व्होल्ट मिळत. १९७०च्या दशकात अमेरिकेतील आयएसए या संस्थेच्या ५०.१ आणि आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, ३८१ या मानकांनी या श्रेणीला अधिकृत रूप दिले. बाजाराने आधीच निवडलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करायचे असल्याने त्यात फारसा वाद नव्हता.

आयईसी ही संस्था १९०६ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि लॉर्ड केल्विन तिचे पहिले अध्यक्ष होते. आयएसएची स्थापना १९४५ मध्ये पिट्सबर्ग येथे झाली. औद्योगिक मोजमाप आणि नियंत्रणासाठी आयईसीची ६५ क्रमांकाची तांत्रिक समिती १९६८ मध्ये आली. याच सुमारास जनरल मोटर्सच्या गरजेतून पहिला प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, म्हणजेच कारखान्यातील यंत्रे प्रोग्रॅमनुसार चालवणारा पीएलसी, आकाराला येत होता. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली प्रोग्रॅमिंगची पद्धत घडवली. १९९३ मध्ये आयईसीच्या ११३१ या मानकाचा तिसरा भाग आला, तेव्हा त्यात एक भाषा निवडण्याऐवजी लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि फ्रान्समधील ग्राफसेटवरून घेतलेली क्रमनिष्ठ आलेखपद्धती अशा पाचांना जागा देण्यात आली. एकमत होत नसेल तर सर्वांना सामावून घ्यायचे, हा मार्ग तेथे पहिल्यांदा ठळकपणे दिसला.

त्याची खरी कसोटी फील्डबसने घेतली. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तारजोडी देण्याऐवजी एकाच केबलवर अनेक उपकरणांनी अंकीय संदेश पाठवावेत, ही कल्पना साधी होती. त्यासाठी आयएसएने १९८५ मध्ये एसपी ५० समिती नेमली आणि आयईसीनेही काम हाती घेतले. पण युरोपात तोवर दोन वेगळ्या विचारसरणी उभ्या राहिल्या होत्या. फ्रेंच एफआयपीमध्ये केबलवर कोणती माहिती कधी यावी हे एक मध्यवर्ती नियामक ठरवी, आणि ज्याला ती हवी असेल तो ती घेई. जर्मन प्रोफिबसमध्ये बोलण्याचा हक्क टोकनच्या रूपाने मुख्य स्थानकांमध्ये फिरत असे, आणि ज्याच्याकडे टोकन असेल तो इतर उपकरणांना प्रश्न विचारी. समितीने दोन्ही विचार एका प्रणालीत आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मसुदा इतका जड झाला की दोन्ही बाजूंचे समर्थकच त्याच्यापासून दुरावले. १९९३ मध्ये केवळ भौतिक स्तर, म्हणजे तारेवरील सिग्नलाचे स्वरूप, मंजूर झाला. त्यावर भांडण्यासारखे थोडेच होते.

मतदानाच्या नियमांनी पेच अधिक घट्ट केला. आयईसीत अंतिम मसुदा संमत होण्यासाठी मतदान करणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांची अनुकूलता लागते, आणि विरोधी मते एकूण मतांच्या एक-चतुर्थांशाहून अधिक चालत नाहीत. प्रत्येक देशाला एकच मत असल्याने ज्या देशांतील कंपन्यांनी आपापल्या प्रणालींवर मोठी गुंतवणूक केली होती, त्यांना एकत्र येऊन मसुदा रोखणे शक्य होते. दरम्यान युरोपीय मानकसंस्थेने १९९६ मध्ये डेन्मार्कची पी-नेट, प्रोफिबस आणि एफआयपीचे पुढचे रूप असलेली वर्ल्डएफआयपी या तिन्ही प्रणाली ईएन ५०१७० या एकाच मानकात शेजारी शेजारी ठेवल्या. तांत्रिकदृष्ट्या हे एकीकरण नव्हतेच, पण त्यातून राजकीय तोडगा सापडला होता. १९९९ मध्ये मुख्य कंपन्यांनी हाच मार्ग आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारला. ६११५८ या मानकाला त्या वर्षाच्या अखेरीस मान्यता मिळाली, आणि त्यात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार होते. एकच केबल हवी म्हणून सुरू झालेल्या कामाला पंधरा वर्षांनी आठ उत्तरे मिळाली. मग कोणत्या प्रकाराचे कोणते भाग एकत्र वापरायचे हे सांगण्यासाठी ६१७८४ हे वेगळे मानकही काढावे लागले.

सुरक्षेच्या मानकांची वाट याहून वेगळी होती. इंग्लंडमधील फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातील १९७४ चा स्फोट, १९७६ मधील इटलीतील सेवेसोची विषारी गळती आणि १९८८ मधील उत्तर समुद्रातील पायपर अल्फा तेलमंचाची आग यांनंतर उद्योगावर लोकांचा आणि नियामकांचा दबाव होता. आयएसएचे ८४.०१ हे मानक १९९६ मध्ये आले. आयईसीचे ६१५०८ हे १९९८ ते २००० दरम्यान भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि प्रक्रिया उद्योगासाठीचे ६१५११ हे २००३ मध्ये. त्यांत कोणत्याही कंपनीची प्रणाली निवडायची नव्हती. अपयशाची शक्यता किती कमी असावी याच्या चार पातळ्या ठरवायच्या होत्या, त्यामुळे स्पर्धकांना एका टेबलाभोवती बसणे तुलनेने सोपे गेले असावे.

बिनतारी उपकरणांच्या वेळी मात्र फील्डबसचाच इतिहास पुन्हा घडला. वायरलेसहार्ट २०१० मध्ये ६२५९१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यापाठोपाठ चीनमधून आलेली डब्ल्यूआयए-पीए आणि आयएसएची १००.११ए या प्रणालींनाही ६२६०१ आणि ६२७३४ असे स्वतंत्र क्रमांक मिळाले.