द्रावक वापरून शर्करा अल्कोहोलचा स्फटिक-उतारा वाढवणाऱ्या प्रक्रियेसाठी पेटंट अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

झायलिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल यांसारखी शर्करा अल्कोहोल (शर्करांपासून तयार होणारे गोड पदार्थ) पाण्याच्या द्रावणातून स्फटिकरूपात काढताना मालाचा मोठा हिस्सा मातृद्रवातच, म्हणजे स्फटिक काढल्यावर उरणाऱ्या द्रवातच, राहून जातो. झायलिटॉलचा हिशेब पाहिला तर ही अडचण लगेच ध्यानात येते. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १७० ग्रॅम झायलिटॉल विरघळलेले राहते. त्यामुळे १०० ग्रॅम पाण्यात ३०० ग्रॅम झायलिटॉल असलेले गरम द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले, तर कागदावरसुद्धा १३० ग्रॅमच, म्हणजे ४३ टक्क्यांच्या आसपास उतारा मिळतो. इथेनॉलमध्ये हेच झायलिटॉल २५ अंशांना १०० ग्रॅममागे जेमतेम १.२ ग्रॅम विरघळते. म्हणून पाकात योग्य वेळी आणि योग्य गतीने इथेनॉल सोडले की विद्राव्यता घसरते आणि एरवी द्रवात अडकून राहिलेला माल स्फटिकरूपात खाली बसतो. अशा प्रक्रियेत ज्यांनी खरोखर काही नवे साधले आहे, त्या संशोधकांना, विद्यार्थ्यांना आणि लघुउद्योजकांना भारतीय पेटंट कार्यालयात अर्ज कसा करावा, याची माहिती पुढे दिली आहे. शासकीय शुल्काचे आणि मुदतींचे आकडे १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार दिले आहेत. प्रत्यक्ष अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील चालू शुल्कपत्रक मात्र अवश्य पाहावे.

पेटंट कशाला मिळू शकते

पेटंट अधिनियम, १९७० नुसार प्रक्रिया नवी असावी लागते, तिच्यात शोधकतेचे पाऊल असावे लागते आणि ती उद्योगात वापरता येण्याजोगी असावी लागते. तिसरी अट या विषयात सहज पूर्ण होते. खरी परीक्षा पहिल्या दोन अटींची असते, कारण शर्करा अल्कोहोलच्या पाकात अल्कोहोल मिसळून स्फटिक पाडण्याची कल्पना पाठ्यपुस्तकांत आणि जुन्या पेटंटांत कित्येक दशकांपासून नोंदलेली आहे. "इथेनॉल घातल्यावर उतारा वाढतो" एवढ्यावर अर्ज उभा केला, तर तो पहिल्याच परीक्षणात अडखळेल.

त्यातच कलम ३ (डी) आडवे येते. हे कलम साधारणपणे औषधांच्या संदर्भात चर्चेत असते. कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमाखाली फेटाळला होता. परंतु याच कलमाच्या उत्तरार्धात असेही म्हटले आहे की, ज्ञात प्रक्रियेच्या केवळ वापराला पेटंट मिळणार नाही. त्या प्रक्रियेतून नवे उत्पादन मिळाले किंवा तिच्यात किमान एक नवा अभिक्रियाकारक वापरला गेला, तर गोष्ट वेगळी. इथे द्रावकवाल्यांची खरी पंचाईत होते. इथेनॉल पाकाशी कोणतीही अभिक्रिया करत नाही, त्यामुळे त्याला नवा अभिक्रियाकारक म्हणून पुढे करणे कठीण जाते, आणि हाती आलेले झायलिटॉल तर जुनेच असते. म्हणून अर्जदाराने आपली प्रक्रिया ही ज्ञात प्रक्रियेचा "केवळ वापर" नसून तिचे टप्पेच वेगळे आहेत, हे दाखवावे लागते. उदाहरणार्थ, द्रावक एकदम न ओतता विशिष्ट तापमानाच्या पट्ट्यात ठरावीक गतीने सोडणे, बीजस्फटिक (स्फटिक वाढायला सुरुवात करून देणारे बारीक कण) नेमक्या अतिसंपृक्ततेला, म्हणजे द्रावणात मावते त्याहून जास्त पदार्थ विरघळलेला असताना, टाकणे, किंवा दोन द्रावकांचे असे मिश्रण वापरणे की ज्याने पाकातून स्फटिकांऐवजी चिकट तेलासारखा थर सुटण्याचा दोष टळतो.

नवे स्फटिकरूप हाती लागल्याचा दावा असेल, तर वाट आणखी अवघड होते. मॅनिटॉलची अल्फा, बीटा आणि डेल्टा ही तिन्ही रूपे ज्ञात आहेत. अशा पदार्थाचे आणखी एखादे रूप सापडले, तर त्यामुळे ज्ञात परिणामकारकतेत वाढ होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. उतारा वाढणे म्हणजे परिणामकारकता वाढणे नव्हे. त्यामुळे या क्षेत्रातील बहुतेकांनी पदार्थाच्या मागे न लागता प्रक्रियेचाच दावा करावा, असे माझे मत आहे. कलम ४८ नुसार प्रक्रियेचे पेटंट मिळाल्यास त्या प्रक्रियेतून थेट मिळालेल्या उत्पादनाच्या भारतातील विक्रीवर आणि आयातीवरही धारकाचा हक्क राहतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

अर्ज कोण करू शकते

खरा आणि प्रथम शोधक, त्याने ज्याच्या नावे हक्क लिहून दिला आहे अशी व्यक्ती वा संस्था, किंवा मृत शोधकाचा कायदेशीर प्रतिनिधी यांपैकी कोणालाही, एकट्याने अथवा संयुक्तपणे, अर्ज करता येतो. कंपनी किंवा महाविद्यालय हे स्वतः शोधक असू शकत नाही. ते अर्जदार असू शकते. कर्मचाऱ्याचा शोध आपोआप मालकाचा ठरतो अशी तरतूद आपल्या पेटंट अधिनियमात नाही. त्यामुळे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठाच्या विभागात काम झाले असल्यास प्रत्येक शोधकाकडून हक्क लेखी घ्यावा लागतो. त्यासाठी नमुना १ मध्येच, म्हणजे मूळ अर्जातच, शोधकाची स्वाक्षरी घेता येते किंवा स्वतंत्र हस्तांतरणपत्र करता येते. हा पुरावा अर्ज दाखल केल्यापासून ६ महिन्यांच्या आत कार्यालयात पोहोचला पाहिजे.

महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय हे अधिकारक्षेत्रातील कार्यालय आहे. गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच कार्यालयाकडे येतात. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच सादर करावा लागतो. मराठीत लिहिलेले तपशीलपत्र (शोधाचे वर्णन व दावे असलेला दस्तऐवज) स्वीकारले जात नाही, हे खटकणारे असले तरी नियम तसा आहे.

आधी अर्ज, मग प्रसिद्धी

प्रबंध, परिषदेतील भित्तिपत्रक, नियतकालिकातील लेख किंवा एखाद्या कारखान्यासमोर केलेले उघड सादरीकरण यांपैकी काहीही अर्जापूर्वी झाले, तर प्रक्रियेची नवता संपुष्टात येऊ शकते. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तोसुद्धा प्रसिद्ध झाला असेच मानले जाते. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती विद्वत्सभेत वाचलेला निबंध, शासनाने अधिसूचित केलेले प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे आणि ती मागण्यासाठी आता नमुना ३१ भरावा लागतो. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर चाचणी घेणे अपरिहार्य असेल, तर आधी गोपनीयतेचा लेखी करार करावा.

प्रयोग अजून पूर्ण झालेले नसतील, तर तात्पुरते तपशीलपत्र दाखल करून अग्रक्रमाची तारीख, म्हणजे शोधाची नवता ज्या दिवसापासून मोजली जाते ती तारीख, मिळवता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशीलपत्र न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. तात्पुरत्या तपशीलपत्रात ज्याचा उल्लेखच नाही, त्या द्रावकाला किंवा प्रमाणाला ती आधीची तारीख लाभत नाही; म्हणून तेही दोन परिच्छेदांत उरकू नये.

तपशीलपत्र: अर्जाचा गाभा

कागदपत्रांपैकी नमुना २, म्हणजे तपशीलपत्र, सोडले तर बाकी सर्व नमुने एका दुपारी भरून होतात. नमुना २ मध्ये जास्तीत जास्त १५ शब्दांचे शीर्षक, पूर्वज्ञानाचा आढावा, प्रक्रियेचे संपूर्ण वर्णन, अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत, उदाहरणे, दावे आणि १५० शब्दांपर्यंतचा गोषवारा द्यावा लागतो.

उतारा कसा मोजला, हे पहिल्यांदा स्पष्ट लिहावे. मूळ पाकातील त्या शर्करा अल्कोहोलच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत धुऊन वाळवलेल्या स्फटिकांचे वजन, ही व्याख्या सर्वांत निर्विवाद ठरते. न धुतलेल्या ओल्या मालाचे वजन धरले, किंवा दुसऱ्या फेरीत मातृद्रवातून काढलेला माल न सांगता मिळवला, तर ९० टक्क्यांचा आकडाही परीक्षकाला पटणार नाही. उताऱ्यासोबत शुद्धताही द्यावी, कारण द्रावकाचे प्रमाण वाढवत नेले की उतारा चढतो, पण काही टप्प्यानंतर अरॅबिटॉलसारखे सोबतचे घटकही खाली येऊ लागतात. मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉलचे मिश्रण असेल, तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. फ्रुक्टोजच्या हायड्रोजनीकरणातून ही दोन्ही साधारण निम्मी-निम्मी तयार होतात आणि त्यांना वेगळे करणे हेच स्फटिकीकरणाचे मुख्य काम असते.

उदाहरणांमध्ये तुलना हवी, आणि ती प्रामाणिक हवी. एकाच पाकाचे भाग करून, तीच थंड करण्याची गती आणि तेच ढवळणे कायम ठेवून, एक प्रयोग द्रावकाशिवाय, एक ज्ञात पद्धतीने द्रावक घालून आणि बाकीचे नव्या पद्धतीने करावेत. यांतील मधला प्रयोग बहुतेक जण गाळतात. शोधकतेच्या पावलावरचा आक्षेप नेमका तिथेच येतो, कारण परीक्षकाला द्रावकविरहित प्रयोगाशी केलेल्या तुलनेत काहीच स्वारस्य नसते; त्याच्या दृष्टीने स्पर्धा ज्ञात द्रावकपद्धतीशी आहे. पाक आणि द्रावक यांच्या प्रमाणाचा एखादा पल्ला दाव्यात मांडायचा असेल, तर त्या पल्ल्याची दोन्ही टोके व मधला किमान एक बिंदू प्रयोगाने दाखवलेला असावा, आणि पल्ल्याबाहेर गेल्यास काय बिघडते हेही नोंदवावे. पल्ल्याच्या आतच उतारा अचानक सुधारतो असे दिसले, तर "ही नित्याची जुळवाजुळव आहे" या शेऱ्याला उत्तर मिळते.

कायद्यातील शोधकतेच्या व्याख्येत तांत्रिक प्रगतीसोबत आर्थिक महत्त्वाचाही उल्लेख आहे. त्यामुळे बाष्पीभवनाला लागणाऱ्या वाफेतील बचत, सेंट्रीफ्यूजमध्ये माल सुटण्याचा वेळ, आणि वापरलेल्या द्रावकापैकी ऊर्ध्वपातनाने किती परत मिळाला, हे आकडे द्यावेत. इथेनॉल आणि पाणी यांचे वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांना स्थिरक्वथनांकी मिश्रण होते, म्हणजे साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे पाणी वेगळे होत नाही. निर्जल इथेनॉलवर बेतलेल्या प्रक्रियेत ही मर्यादा कशी ओलांडली, हे सांगितले नाही तर वर्णन अपुरे ठरते. स्फटिकांतील शिल्लक द्रावकाचे विश्लेषणही जोडावे. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत इथेनॉलला ५,००० पीपीएम, तर मिथेनॉलला ३,००० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि मॅनिटॉल औषधांच्या गोळ्यांत वापरले जात असल्यामुळे हा आकडा पुढे ग्राहकही विचारणारच.

जैविक सामग्रीचा प्रश्न

झायलिटॉल उसाच्या बगॅसपासून किंवा मक्याच्या बुरकुंडांपासून तयार केले असेल, तर नमुना १ मधील जैविक सामग्रीविषयीचे घोषणापत्र विचारपूर्वक भरावे आणि सामग्रीचा स्रोत व भौगोलिक उगम तपशीलपत्रात नमूद करावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये २०२३ साली झालेल्या सुधारणेनुसार, भारतीय जैविक संसाधनावर आधारित शोधासाठी भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. विकत आणलेल्या शुद्ध झायलिटॉलवर केवळ स्फटिकीकरणाचे काम केले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे परीक्षणात हा प्रश्न रेंगाळत नाही. किण्वनासाठी नवा सूक्ष्मजीव वापरला असल्यास तो पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र किंवा चंडीगडची एमटीसीसी (सूक्ष्मजीवांचा संग्रह) अशा मान्यताप्राप्त संग्रहात अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेला असावा.

इतर नमुने आणि शुल्क

नमुना १ हा मूळ अर्ज, नमुना ३ परदेशी अर्जांविषयीचे निवेदन, नमुना ५ शोधकत्वाची घोषणा आणि एजंट नेमल्यास नमुना २६ हे मुखत्यारपत्र, एवढी कागदपत्रे नेहमीची आहेत. स्टार्टअप, लघु उद्योग किंवा शैक्षणिक संस्था म्हणून शुल्कसवलत घ्यायची असेल, तर नमुना २८ आणि त्यासोबत अनुक्रमे स्टार्टअप मान्यतापत्र, उद्यम नोंदणी प्रमाणपत्र किंवा संस्थेचा पुरावा जोडावा.

व्यक्ती, स्टार्टअप, लघु उद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये, तर इतरांना ८,००० रुपये शुल्क आहे. ३० पानांनंतरच्या प्रत्येक पानाला अनुक्रमे १६० व ८०० रुपये आणि १० दाव्यांनंतरच्या प्रत्येक दाव्याला ३२० व १,६०० रुपये जादा पडतात. सवलतीचा अर्ज नंतर मोठ्या कंपनीच्या नावे केल्यास फरकाची रक्कम भरावी लागते.

अर्जानंतरचा प्रवास

अर्ज १८ महिन्यांनी पेटंट नियतकालिकात प्रसिद्ध होतो. नमुना ९ व २,५०० रुपये (इतरांसाठी १२,५०० रुपये) भरून तो लवकर प्रसिद्ध करून घेता येतो. परीक्षण मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी नमुना १८ अग्रक्रमाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, त्याचे शुल्क ४,००० किंवा २०,००० रुपये आहे, आणि ही मुदत चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. पूर्वी हीच मुदत ४८ महिन्यांची होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून राहू नये. स्टार्टअप, लघु उद्योग, महिला अर्जदार आणि काही शासकीय संस्था यांना नमुना १८ए द्वारे जलद परीक्षण मागता येते.

पहिला परीक्षण अहवाल निघाल्यावर ६ महिन्यांत उत्तर द्यावे लागते. ३ महिन्यांची वाढ शुल्क भरून मिळू शकते. उत्तर देताना नवे प्रयोग पुरावा म्हणून मांडता येतात, पण तपशीलपत्रात नसलेली बाब दाव्यांत घुसवता येत नाही. आधीची तुलनात्मक उदाहरणे अपुरी असल्याची किंमत या टप्प्यावर मोजावी लागते.

परदेशातही संरक्षण हवे असल्यास भारतातील अर्जानंतर ६ आठवडे थांबावे किंवा नमुना २५ भरून आधी परवानगी घ्यावी, आणि पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत बाहेरचा अर्ज करावा. परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज केल्यास भारतातील अर्जही सोडून दिल्यासारखा धरला जातो.

पेटंटची मुदत दाखल तारखेपासून २० वर्षे असते. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क लागते आणि प्रक्रिया प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, याचे निवेदन नमुना २७ मध्ये दर ३ आर्थिक वर्षांतून एकदा द्यावे लागते. पेटंट हातात आले म्हणजे उत्पादनाची परवानगी मिळाली असे मात्र होत नाही: इथेनॉलच्या वापरासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी, ज्वलनशील द्रावकाच्या साठ्यासाठीचे परवाने आणि खाद्य दर्जाच्या मालासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची अनुज्ञप्ती ही कामे स्वतंत्र असून ती पेटंटचा निकाल लागण्याची वाट न पाहता सुरू करता येतात.