पेनिसिलीन-बंधक प्रथिने (पीबीपी)

जीवाणूंची पेशीभित्तिका विणणारे एन्झाइम. पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातली प्रतिजैविके नेमकी यांनाच चिकटतात, म्हणून हे नाव. नावाने थोडी दिशाभूल होते. पेनिसिलीनला धरणे हे या प्रथिनांचे काम नव्हे. काम भिंत बांधण्याचे.

ही भिंत पेप्टिडोग्लायकनची असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक ओवून लांब साखळ्या तयार होतात आणि त्यांतल्या एका शर्करेला पाच अमिनो आम्लांची शेपटी असते. शेपटीच्या टोकाला डी-ॲलॅनीनची जोडी. पीबीपी शेवटचे ॲलॅनीन तोडते आणि उरलेले टोक शेजारच्या शेपटीला गाठते. हे सगळे पेशीपटलाच्या बाहेर चालते. तिथे एटीपी, म्हणजे पेशीचे नेहमीचे इंधन, मिळत नाही. बंध तुटतो त्याच ऊर्जेवर नवी गाठ बसते. विदर्भात बाज विणताना सुंभ नुसते पसरून भागत नाही, ते एकमेकांत अडकवून ताणावे लागते, तेव्हा कुठे बाज माणसाचा भार पेलते. जीवाणूला आतल्या पाण्याचा दाब पेलायचा असतो. गाठी बसल्या नाहीत तर तो फुटतो.

काही पीबीपी गाठींसोबत साखळ्याही ओवतात. ई. कोलाय जीवाणूत यांचे सुमारे बारा प्रकार आहेत. क्रमांक आकारमानानुसार, सर्वांत मोठा पहिला. कामांची वाटणीही स्पष्ट दिसते: पीबीपी-2 अडवले तर दंडगोल जीवाणू गोल होतो, पीबीपी-3 अडवले तर विभाजन थांबून तो दोऱ्यासारखा लांबत जातो.

पेनिसिलीनचे चौकोनी बीटा-लॅक्टम वलय त्या डी-ॲलॅनीन जोडीसारखे दिसते, असे टिपर आणि स्ट्रॉमिंजर या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडले. एन्झाइममधले सेरीन हे अमिनो आम्ल फसते, वलय फोडते आणि त्याला जोडले जाते. एरवी असा बंध क्षणात सुटतो. इथे तो तासन्‌तास सुटत नाही. माणसाच्या पेशींना पेप्टिडोग्लायकनची भिंतच नसल्याने हे औषध आपल्याला इतके सोसते.

जीवाणूंची पहिली तोड म्हणजे बीटा-लॅक्टमेज, हे वलय फोडून औषध निकामी करणारी एन्झाइम. यांतले सेरीन वापरणारे एन्झाइम पीबीपींचेच भाऊबंद आहेत, फक्त ते पाण्याच्या मदतीने बंध झटकन सोडवतात आणि पुढच्या रेणूला मोकळे होतात. दुसरी तोड पीबीपीच बदलण्याची. न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जीवाणू शेजारच्या जातींच्या पीबीपी जनुकांचे तुकडे उचलून आपल्यात बसवतो. विदर्भात ही गोष्ट घरापर्यंत येते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकस त्यांच्या जिवावर उठतो. म्हणून पहिली पाच वर्षे त्यांना रोज पेनिसिलीन देण्याची पद्धत आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूने मेकए या जनुकावाटे पीबीपी-2ए हे वेगळेच प्रथिन मिळवले. त्यात पेनिसिलीन सहजी शिरत नाही. बाकीची अडकली तरी हे एकटे गाठी मारत राहते. असा जीवाणू म्हणजे एमआरएसए (मेथिसिलीन या पेनिसिलीनला न दबणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस), ब्रिटनमध्ये 1961 साली प्रथम नोंदला गेला.

तो ओळखायची रोजची रीत साधी आहे. म्युलर-हिंटन अगार या पोषक थराच्या प्लेटवर जीवाणूंचा सलग थर (लॉन) पसरायचा, मधे सेफॉक्सिटिन या बीटा-लॅक्टम औषधाची 30 मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवायची आणि 16 ते 18 तासांनी डिस्कभोवतीचा स्वच्छ झोन पट्टीने मोजायचा. 22 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर जीवाणू औषधाला दबतो. 21 किंवा कमी असेल तर पीबीपी-2ए आहे असे धरतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात यात एक धोका आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ही चाचणी 33 ते 35 अंशांतच करायची असते, कारण त्याहून उष्णतेत एमआरएसए नजरेतून सुटू शकतो. नवतप्यात बाहेर पारा 45 च्या आसपास असतो, आणि साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच 38 अंशांवर गेली तर आतली प्लेटही तिथेच जाते. म्हणून मे महिन्यात इन्क्युबेटर वातानुकूलित खोलीत हवा आणि त्यातल्या थर्मामीटरची नोंद सकाळ-संध्याकाळ हवी. एमआरएसए ठरल्यावर इतर डिस्कभोवती झोन दिसला तरी पेनिसिलीन गटातली सगळी आणि त्याच कुळातली बहुतेक सेफॅलोस्पोरिन औषधे अहवालात निकामीच लिहितात. सेफ्टारोलीन हे सेफॅलोस्पोरिन त्यातून सुटते: ते पीबीपी-2एच्या मुख्य खाचेपासून (जिथे गाठ मारली जाते) दूरच्या एका जागी बसते, त्यामुळे खाच उघडते आणि दुसरा रेणू आत शिरतो.