मान हलवणारी जीप

"गाडीला नजर लागलीय यार," असा मित्राचा फोन आला तेव्हा मी आधी हसलो. मग त्याचा आवाज ऐकून गप्प बसलो. नाशिकमध्ये मुंबई नाक्याकडून द्वारकेकडे येताना उड्डाणपुलावर एका ठरावीक जागी त्याच्या जीपचं स्टिअरिंग अचानक डावी-उजवी झटके द्यायला लागायचं. साधी थरथर नव्हे. अंगठा आऱ्यात अडकला तर मोडेल असे झटके, बॉनेट हलताना दिसतंय, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती खाली. वेग 20-25 वर आणेपर्यंत थांबायचं नाव नाही. तिसऱ्यांदा त्याच जागी हे झाल्यावर त्याच्या काकांनी निदान केलं, की ती जागाच वाईट आहे. घाटनदेवीला नारळ फोडून ये.

जागेबद्दल काका बरोबर होते, कारणाबद्दल नव्हे. त्या जागी पुलाचा जोड आहे. दोन स्लॅबांच्या मधली ती पट्टी, जिच्यावरून जाताना प्रत्येक गाडी 'धड्-धड्' करते. बाकीच्या गाड्या धडधडून पुढे जातात, याची जीप धडधडून नाचायला लागते. मधल्या फरकात पदार्थविज्ञानाचा एक फार सुंदर प्रकार दडलाय.

जीप विलिसच्या, म्हणजे मूळ अमेरिकी जीपच्या जातकुळीतली, जुनी. पुढची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर, म्हणजे एकाच आडव्या दांडीवर; एक्सल पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर. वर्षभरापूर्वी तिला 'लिफ्ट' दिली होती, म्हणजे उंची वाढवली होती. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी कडी), जास्त कमानीचे पाटे, 31 इंची मड टायर. हरसूलच्या बाजूला पावसाळ्यात चिखल तुडवायला निघणाऱ्या पोरांच्या गाड्या पाहिल्या असतील तर चित्र डोळ्यांसमोर येईल. (कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल करण्याबाबत मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 काय म्हणतं, ते हौशी मंडळींनी एकदा वाचावं. तो वेगळा विषय.)

गॅरेजमध्ये या रोगाला सरसकट 'वॉबलिंग' म्हणतात आणि पहिलं औषध ठरलेलं असतं, व्हील बॅलन्सिंग. पण त्या एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत.

पहिला आजार बॅलन्सचा. 31 इंची टायर एका फेरीत साधारण 2.4 मीटर रस्ता कापतो. ताशी 70 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला 8 फेऱ्या. रिमच्या कडेला 50 ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल, तर त्या वेगात ते सुमारे अडीच किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, सेकंदाला 8 वेळा. ही थरथर एका वेगाला सुरू होते, त्याहून वेग वाढवला की बहुधा कमी होते, आणि गुळगुळीत रस्त्यावरही होते. शाळेत शिकलेला अनुनाद तो हाच. बाहेरून कुणीतरी तालावर ढकलतंय.

दुसऱ्या आजारात ढकलणारं कुणीच नसतं. एक धक्का बसतो आणि हलणं आपलं आपण वाढत जातं. मित्राचा आजार हा. हार्मोनियम आठवा. भात्यातून येणारी हवा एकसारखी असते, तिला ताल नसतो. तरीही पितळेची पट्टी त्या सरळ हवेतून ऊर्जा घेऊन स्वतःच्या सुरात थरथरते. जीपच्या बाबतीत भाता म्हणजे गाडीचा पुढे जाणारा वेग, आणि पट्टी म्हणजे पुढचा एक्सल.

पण सरळ जाण्यातून डावं-उजवं हलणं निघतं कसं? यात दोघांचा हात आहे. पहिला टायर. चाक थोडं वळलं की रबर रस्त्याला धरून पिळवटतं आणि आडवा जोर तयार होतो. पण तो लगेच होत नाही. टायरला काही अंतर लोळावं लागतं, मग कुठे रबर पुरतं पिळवटतं. हे अंतर साधारण अर्धा मीटर धरू. ताशी 70 ला सेकंदाला 8 हेलकावे खाणारं चाक एका हेलकाव्यात 2.4 मीटर जातं. म्हणजे चाकाला जागेवर आणणारा जोर प्रत्येक वेळी हेलकाव्याच्या सातव्या हिश्श्याइतका उशिरा पोचतो. झोका थोपवायला तुम्ही हात पुढे केलात, पण हात टेकेपर्यंत झोका वळून परत निघालेला. आता तुमचा हात त्याला थोपवत नाही, ढकलतोय. उशिरा आलेली मदत ती अशी.

दुसरा हात चाकाच्या फिरण्याचा. माझा जीव अडकलाय तो यात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सायकलचं पुढचं चाक सोडवून घ्या. आसाची दोन टोकं दोन हातांत धरा, हात समोर लांब. कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा, वरची कड तुमच्यापासून दूर जाईल असं. आता चाक डावीकडे कलवा, म्हणजे डावा हात खाली, उजवा वर. चाक नुसतं कलत नाही. ते डावीकडे वळतं. तुम्ही न सांगता डावा हात छातीकडे ओढला जातो, उजवा पुढे रेटला जातो. पहिल्यांदा करताना माणूस दचकतोच. आता उलट करा. चाक मुद्दाम डावीकडे वळवा. ते उजवीकडे कलायला बघतं. फिरणाऱ्या वस्तूला एका आसाभोवती हलवलं, की ती काटकोनातल्या दुसऱ्याच आसाभोवती उत्तर देते. भोवरा कलला तरी पडायच्या ऐवजी गोल गोल डुलतो, त्याच्या मुळाशी हेच.

आता ते चाक जीपला लावा. डावं चाक पुलाच्या जोडावर उसळलं. एक्सल सलग असल्यामुळे अख्खी दांडी उजवीकडे कलली, आणि तिच्याबरोबर दोन्ही चाकं. कलणारी फिरती चाकं काय करतात? वळतात, उजवीकडे. टाय रॉडने दोघं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एकदमच. पण उजवीकडे वळणारं फिरतं चाक डावीकडे कलायला बघतं! म्हणजे आता एक्सलची उजवी बाजू उचलली जाणार. ती उचलली की चाकं डावीकडे वळणार. वळली की पुन्हा डावी बाजू वर. कलणं वळण्याकडे चेंडू टाकतं, वळणं कलण्याकडे परत टाकतं. चाकाचं फिरणं यात पदरची ऊर्जा घालत नाही, फक्त एकाची दुसऱ्याला पोचवतं. ऊर्जा येते टायरच्या उशिरातून, म्हणजे शेवटी इंजिनातून. वेग उतरला की फिरण्याचा जोर उतरतो, चेंडू निम्म्या वाटेत पडतो, नाच थांबतो. म्हणून असं झालं की ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं पण त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, अंगठे आऱ्यांबाहेर ठेवायचे आणि गाडीचा वेग सावकाश उतरू द्यायचा. करकचून ब्रेक मारू नये.

हा आजार जीपइतकाच जुना असेल असं वाटेल, पण तो तिच्याही आधीचा. 1920 च्या दशकात मोटारींना कमी हवेचे जाड 'बलून' टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि तेव्हाच्या सलग एक्सलच्या गाड्या मान हलवू लागल्या. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए याने 1925 साली या मान हलवण्यावर, म्हणजे 'शिमी'वर लिहिताना टायरच्या आडव्या सरकण्याकडे बोट दाखवलं. जनरल मोटर्सने 1934 सालच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामागे या दुखण्याचाही वाटा होता. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एक चाक उसळलं तरी दुसऱ्याला पत्ता नसतो, आणि उसळणारं चाक फारसं कलतही नाही. कलणं नाही, तर चेंडू टाकणार कोण? आपल्या सातपूरशी नातं सांगणाऱ्या महिंद्राच्या आजच्या थारला पुढे असंच स्वतंत्र सस्पेन्शन आहे. सुझुकीच्या जिम्नीला मात्र पुढेही सलग एक्सल आहे.

आता लिफ्टकडे. कारखान्यातून आलेल्या जुन्या जीपमध्येही हे दोन हात असतातच, पण त्यांच्यावर पहारा असतो. उंची वाढवताना आपण तो पहारा ढिला करतो. मोठा टायर लावला की वजन आणि त्रिज्या दोन्ही वाढतात. 28 इंचावरून 31 वर गेलात आणि चाक तीस टक्के जड झालं, तर त्याच वेगात फिरण्याचा जोर दीडपटीच्या आसपास जातो. दुसरं, कॅस्टर. सायकलचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसाच जीपच्या किंगपिनचा (ज्या खुंटीभोवती चाक डावं-उजवं वळतं तिचा) आस थोडा मागे कललेला असतो. त्याने चाक आपोआप सरळ होतं. या जीपला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चॅसिसच्या मानाने खाली जातं, एक्सल नाकावर झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीतही तेच. एक्सलला घट्ट धरणारा आर्म 60 सेंटीमीटर लांब धरला, तर 5 सेंटीमीटर उंचीला जवळजवळ 5 अंश जातात. पण म्हणून कॅस्टर वाटेल तेवढा वाढवू नका. फार झाला तरी चाक डुलतं. तिसरं, ड्रॅग लिंक. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारी ही दांडी मुळात आडवी असते, लिफ्टनंतर तिरपी होते. मग एक्सल नुसता वर-खाली झाला तरी ती चाकाला ढकलते-ओढते. पुलाच्या जोडावर याला वेगळं निमंत्रण लागत नाही.

मित्राने आधी एका गॅरेजात दाखवलं तर त्यांनी स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे झटके शोषणारा तेलाचा दांडा, सुचवला. 'डबल घ्या शेठ, लोण्यासारखी चालेल.' डॅम्पर ही वाईट वस्तू नाही. पण ती तापावरच्या गोळीसारखी, ताप उतरवते आणि कारण लपवते. वर डॅम्परचं तेल संपलं की ताप परत, तोवर खालचे सांधे आणखी झिजलेले. इंटरनेटवर चमकदार डबल डॅम्परचे फोटो पाहून पैसे टाकणारे आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणारे यांत मला फार फरक दिसत नाही. मिरची निदान स्वस्त असते.

अंबडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतलीच नाही आधी. चाकं जमिनीवर, वजन पूर्ण. मित्राला म्हणाले, "भाऊ, स्टिअरिंग नुसतं इकडं-तिकडं करा, पाव चक्कर. थांबू नका." स्वतः खाली झोपले आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते. एक दांडी हलते आणि तिच्या पुढची क्षणभर उशिरा हलते, तो क्षण बोटाखाली 'टक्' करून लागतो. ड्रॅग लिंकचा एक एंड, म्हणजे टोकाचा सांधा, गेलेला होता. त्यांनी माझंही बोट तिथे ठेवलं. टक्. टक्.

मग जॅक. चाक वरून-खालून धरून हलवलं, घड्याळातल्या 12 आणि 6 वर. खुळखुळ. आता हा खुळखुळाट बेअरिंगचा की किंगपिनचा? मिस्त्रींनी मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेकने चाक आणि त्यामागची नकल (किंगपिनभोवती वळणारा, चाक धरणारा तुकडा) एक होतात, त्यामुळे व्हील बेअरिंगची ढिलाई असती तर ती गायब झाली असती. ती तशीच राहिली. म्हणजे किंगपिन.

आणि मग त्यांनी काढला रद्दीवाल्याचा हूकचा काटा. टाय रॉड सोडवला, सील काढलं, नकलच्या आर्मच्या भोकात हूक अडकवला आणि चाक हळूहळू ओढलं. जुन्या विलिसच्या पुस्तकात हा ओढा 12 ते 16 पौंड हवा असं दिलंय, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलो. आमचा काटा दोनच्याही अलीकडे थांबला. दुसऱ्या बाजूला तीन. मला त्या क्षणी हार्मोनियमची गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटली. हा साडेपाच-सात किलोंचा अडसर म्हणजे घर्षण, आणि प्रत्येक हेलकाव्यातली थोडी ऊर्जा तेच खाऊन टाकतं. टायर जेवढी आत ओततो तेवढी ते खात असेल, तर नाच सुरूच होत नाही. इथे खाणारंच कुणी उरलं नव्हतं.

उपाय ऐकून मित्र नाराज झाला, कारण त्यात चमकदार असं काहीच नव्हतं. किंगपिनच्या टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, काढायच्या. त्यातली एक 0.005 इंची, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी, पोस्टकार्डापेक्षा पातळ. एक काढायची, काट्याने ओढून बघायचं, पुन्हा एक. दोन्ही बाजूंना काटा सहाच्या आसपास येईपर्यंत दुपार गेली. ड्रॅग लिंकचा एंड नवा. पाटा आणि एक्सलच्या मध्ये स्टीलची पाचर, गेलेला कॅस्टर परत आणायला. यू-बोल्ट पुन्हा आवळले, टो-इन, म्हणजे चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं, मोजून घेतलं. आणि लांब शॅकल काढून मूळचे लावा, असा सल्ला, जो मित्राने अजून मानलेला नाही.

संध्याकाळी आम्ही उड्डाणपुलावर गेलो. 60 ला जोड ओलांडला, धड्-धड्. 70 ला, धड्-धड्. तिसऱ्या फेरीत मित्राचे खांदे खाली आले. पुढे 80 ला स्टिअरिंगमध्ये एक बारीक, एकसारखी झिणझिण आली आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला. पण ही सपाट डांबरावर येत होती आणि वेग बदलला की बदलत होती. गाडी बाजूला घेतली, मोबाईलच्या उजेडात डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला पाहिलं. रिमच्या खोबणीत हरसूलची तांबडी माती वाळून बसली होती, मुठीत मावेल एवढी. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली.