‘शिक्षण संपेपर्यंत व्याज नाही’ : खरं काय?

शैक्षणिक कर्जाबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो की कोर्स संपून नोकरी लागेपर्यंत कर्जावर व्याज लागत नाही. गैरसमज होण्यासारखंच आहे, कारण त्या काळात हप्ता खरंच मागत नाहीत.

मोरॅटोरियम म्हणजे हप्त्याला सवलत, व्याजाला नव्हे. पैसे कॉलेजला गेले त्या दिवसापासून व्याज मोजलं जातं, बहुधा सरळव्याजाने. समजा, चार वर्षं दरवर्षी १ लाख उचलले, दर १० टक्के आणि कोर्सनंतर एक वर्ष सूट. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, मग ४०, ३०, २०. एकूण १ लाख ४० हजार! हप्ता ठरतो तो ५ लाख ४० हजारांवर.

अपवाद आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पात्र अभ्यासक्रमांना या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला देऊन अर्ज करावा लागतो.

खात्री करायची? कर्ज खात्याचं स्टेटमेंट काढा, व्याजाच्या नोंदी दिसतील. मंजुरीपत्रातला ‘मोरॅटोरियम’चा परिच्छेदही वाचा. (तो हमखास बारीक अक्षरात असतो.) शिकतानाच व्याज भरत गेल्यास काही बँका दरात १ टक्का सूट देतात, तेही तिथेच सापडेल.