‘ते’ मिळेपर्यंतची 38 वर्षं

2023च्या हंगामात ओसाकाकडच्या बेसबॉलवेड्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘आरे’. जपानीत त्याचा अर्थ ‘ते’. हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचे व्यवस्थापक आकिनोबु ओकादा ‘विजेतेपद’ हा शब्दच उच्चारत नसत. खेळाडूंवर दडपण नको, म्हणून नुसतं ‘ते’. आपल्याकडे दृष्ट लागेल म्हणून बाळाचं कौतुकही जपून करतात, तसंच हे. हळूहळू चाहतेही ‘ते’च म्हणू लागले आणि वर्षअखेरीस हा जपानचा वर्षातला सर्वांत गाजलेला शब्द ठरला. जिभेला एवढं जपायची सवय एका दिवसात लागत नाही.

हानशिन हे नाव ओसाका आणि कोबे या दोन शहरांच्या नावांतल्या अक्षरांवरून आलेलं आहे. या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वे कंपनीनं 1924मध्ये वाटेतल्या निशिनोमियात कोशिएन स्टेडियम बांधलं आणि 1935मध्ये संघ काढला. समोर होता टोकियोचा योमिउरी जायंट्स, बड्या वृत्तपत्राचा संघ. राजधानीची सत्ता, पैसा, प्रसिद्धी सगळं तिकडे. ओसाका हे व्यापाऱ्यांचं, मोकळ्या बोलीचं शहर, टोकियोपुढे मान न तुकवणारं. टायगर्सची निष्ठा समजून घ्यायची तर आधी हे वैर समजून घ्यावं लागतं.

25 जून 1959 रोजी टोकियोत सम्राट पहिल्यांदाच व्यावसायिक सामना बघायला आले होते. बरोबरी असताना शेवटच्या डावात जायंट्सच्या नागाशिमानं टायगर्सच्या नवख्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला), मिनोरु मुरायामाला, होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा थेट सीमेपारचा फटका) मारून सामना जिंकला. चेंडू फाऊल, म्हणजे हद्दीच्या बाहेर, होता, असं मुरायामा मरेपर्यंत सांगत राहिला. पुढे आपले 1,500वा आणि 2,000वा हे दोन्ही टप्प्यांचे बळी त्यानं ठरवून नागाशिमाचेच घेतले. चाहत्यांना तो आपला का वाटला, हे वेगळं सांगायला नको. 1973मध्ये तर शेवटच्या दोन सामन्यांत लीग जिंकायला एक विजय किंवा बरोबरीही पुरली असती. दोन्ही गेले. दुसरा कोशिएनवर जायंट्सकडूनच 0-9 असा, आणि जायंट्सनं सलग नवव्यांदा लीग जिंकली. चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले.

मग आलं 1985. अमेरिकेतून आलेल्या रँडी बासनं त्या वर्षी 54 होमरन मारले. 17 एप्रिलला कोशिएनवर जायंट्सविरुद्ध बास, काकेफु आणि ओकादा (हो, तेच) या तिघांनी पाठोपाठ होमरन मारले. तो दिवस आजही घराघरांत सांगितला जातो. त्याच ऑगस्टमध्ये ओसाकाकडे निघालेलं विमान कोसळून 520 माणसं गेली, त्यात संघाचे अध्यक्षही होते. तशा दुःखात संघानं लीग आणि मग आपल्या इतिहासातली पहिली जपान सिरीज, म्हणजे दोन लीगमधल्या अव्वल संघांची अंतिम लढत, जिंकली. लीग जिंकल्याच्या रात्री दोतोनबोरी कालव्याच्या पुलावर एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणाऱ्यानं पाण्यात उडी मारायची, असा जल्लोष चालला होता. बाससारखा दाढीवाला परदेशी कुठून आणायचा? जवळच्या केएफसीच्या दुकानासमोरचा कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला.

पुढचे पराभव या ‘कर्नलच्या शापा’वर ढकलले गेले. मला शापापेक्षा खरी कारणं महत्त्वाची वाटतात. मुलाच्या गंभीर आजारपणात अमेरिकेला गेलेल्या बासला संघानं 1988मध्ये सोडून दिलं. व्यवस्थापक पुन्हा पुन्हा बदलले. 1987 ते 2001 या 15 हंगामांत संघ 10 वेळा तळाला राहिला. त्यात ऑगस्टमध्ये कोशिएन शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला द्यावं लागतं. ऐन उन्हाळ्यात टायगर्सना घर सोडून फिरावं लागे, म्हणून त्या दौऱ्याला ‘मरणवाट’ असं नाव पडलं. पण स्पर्धा मुलांची, मैदान त्यांचं, यावर तक्रार कोण करणार? ज्या मैदानावर आजोबांनी शाळेचा संघ पाहिला, त्याच मैदानावर नातू टायगर्स पाहतो. ही गाठ हरण्यानं सुटत नाही.

2003 आणि 2005मध्ये लीग जिंकूनही जपान सिरीज हुकली. 2005मध्ये चार सामन्यांत मिळून 33 धावा खाल्ल्या आणि केल्या फक्त 4. तेव्हाही व्यवस्थापक ओकादाच होते. 2009मध्ये कालव्यातून कर्नल वर निघाला, तरी आणखी 14 वर्षं गेली. शेवटी 5 नोव्हेंबर 2023 रोजी, ओसाकाच्याच ओरिक्स संघाविरुद्ध सातव्या सामन्यात 7-1 अशी सरशी झाली आणि ‘ते’ मिळालं.

त्याआधी 14 सप्टेंबरला कोशिएनवर जायंट्सनाच हरवून लीग पक्की केली होती, ती रात्र मला जास्त जवळची आहे. शिंतारो योकोता हा तरुण खेळाडू मेंदूच्या गाठीमुळे 2019मध्ये निवृत्त झाला. निरोपाच्या सामन्यात, नीट दिसत नसतानाही, त्यानं मैदानाच्या दूरच्या भागातून, आउटफिल्डमधून, थेट होमवर (फलंदाजाजवळच्या तळावर) फेक करून धावपटू बाद केला होता. जुलै 2023मध्ये 28व्या वर्षी तो गेला. सप्टेंबरच्या त्या रात्री सोबत्यांनी योकोताच्याच वेळी संघात आलेल्या इवाझाकीला हवेत झेललं, तेव्हा इवाझाकीच्या हातात योकोताची 24 नंबरची जर्सी होती.