अमेरिकेत जप्त झालेली गाडी किंवा रोकड परत मिळवण्यासाठी दावा कसा करायचा?

अमेरिकेत गुन्हा सिद्ध होण्याआधी, कधी आरोपही न ठेवता, यंत्रणा तुमची रोकड किंवा गाडी जप्त करून ती सरकारजमा करू शकतात. या नागरी कारवाईत खटला माणसावर नाही, वस्तूवर चालतो. खालची माहिती केंद्रीय यंत्रणांच्या जप्तीबद्दल आहे. कस्टम्स आणि करकायद्याखालच्या जप्तीला यातले बरेच नियम लागू नाहीत. राज्यांचे कायदे निराळे असून न्यू मेक्सिको, नेब्रास्का आणि मेन यांनी ही पद्धतच बंद केली आहे.

जप्तीनंतर साधारण 60 दिवसांत नोटीस यायला हवी. स्थानिक पोलिसांनी माल केंद्राकडे सोपवला असेल तर 90. पत्रात दाव्याची शेवटची तारीख असते आणि ती पत्र पाठवल्यापासून किमान 35 दिवसांनंतरची असते. पत्र मिळालेच नाही, तर जाहीर नोटिशीच्या शेवटच्या प्रसिद्धीपासून 30 दिवस मिळतात. ही तारीख हुकली की न्यायाधीशासमोर न जाताच माल सरकारजमा होतो. म्हणून वकील मिळेपर्यंत थांबू नका.

दाव्याला ठरावीक नमुना लागत नाही. वस्तू कोणती, तिच्यावर तुमचा हक्क काय, हे लिहून शपथेवर सही करायची. मालकाप्रमाणे तारण ठेवून घेणाराही दावा करू शकतो. अनामत लागत नाही. गाडीची नोंदणी, बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या दाव्याला जोडणे सक्तीचे नाही, पण पुढे त्यांवरच भिस्त असते.

नोटिशीत माफीच्या अर्जाचा, म्हणजे सवलत म्हणून माल परत मागण्याचाही पर्याय असतो. त्यावर निर्णय न्यायालय नाही, प्रशासन देते. जप्तीच चुकीची वाटत असेल तर दावाच करा.

दाव्यानंतर 90 दिवसांत सरकारने न्यायालयात जावे किंवा माल परत करावा. मुदतवाढ मिळू शकते. रोजगार किंवा घर अडले असेल तर तात्पुरत्या ताब्यासाठी अर्ज करता येतो. रोकडीला ही सवलत सहसा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या कली निकालानुसार जप्तीनंतर लगेच वेगळी सुनावणी मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही.

2000 पर्यंत माल निर्दोष असल्याचे मालकालाच सिद्ध करावे लागे. त्या वर्षीच्या सुधारणेने तो भार सरकारवर आला, पण गुन्ह्याशी संबंध असण्याची शक्यता जरा जास्त दिसली तरी पुरते. आयुष्यभराची बचत हिरावून घ्यायला एवढा पुरावा फार तोकडा आहे. अमेरिकी संसदेत मांडलेल्या फेअर कायद्याच्या विधेयकात ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुराव्याची अट मागितली आहे, ती योग्यच. दुसऱ्याने तुमची गाडी गुन्ह्यात वापरली, तर आपल्याला माहिती नव्हती हे आजही तुम्हालाच दाखवावे लागते.

सरकारी खर्चाने वकील मिळतो तो जवळपास फक्त राहते घर पणाला लागले तर. मात्र खटला जिंकलात, तर वकिलाची वाजवी फी सरकारकडून मागता येते.