खुमजुंगच्या गोम्पातील ‘यतीचे टाळू’: एक खुलासा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना उंचीची सवय व्हावी म्हणून नामचे बाजारला थांबलेले अनेक जण जवळच्या खुमजुंग गावच्या गोम्पात (बौद्ध मठात) जाऊन येतात आणि तेथील काचेच्या पेटीतली शंकूसारखी, तांबूस राठ केसांची टोपीवजा वस्तू यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोक्याची कातडी असल्याचे परतल्यावर सांगतात. ते खरे नाही. १९६० मध्ये एडमंड हिलरी यांनी गावाच्या संमतीने, गावातीलच खुंजो चुंबी यांना सोबत घेऊन, ती तपासणीसाठी परदेशी नेली. ती सेरो या शेळीच्या कुळातील पहाडी प्राण्याच्या कातड्याला आकार देऊन घडवलेली आहे, असा निष्कर्ष निघाला. तरीही तिला ‘बनावट’ म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते, कारण गावकऱ्यांसाठी ती पूर्वापार जपलेली गोम्पाची ठेव आहे.